चाचा कोणाला म्हणावे? परवानेदार लुटीच्या इतिहासाविषयी काही विचार

भाषेच्या अभ्यासकाला एखाद्या शब्दाचे असणे जितके बोलके वाटते, तितकेच त्याचे नसणेही बोलके वाटते. समुद्रावर लूट करणाऱ्यासाठी मराठीत ‘चाचा’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. इंग्रजी मजकुरात ‘पायरेट’ आला की अनुवादक फारसा विचार न करता ‘चाचा’ लिहून पुढे जातो. पण त्याच मजकुरात ‘प्रायव्हेटिअर’ आला की लेखणी अडखळते. ‘खाजगी लढाऊ जहाज’ म्हणावे तर जहाजावरचा माणूस निसटतो. ‘सरकारमान्य चाचा’ म्हणावे तर ती थट्टा वाटते आणि त्या काळच्या कायद्यावर अन्यायही होतो. या लेखापुरता आम्ही ‘परवानेदार’ हा शब्द वापरणार आहोत. तो निर्दोष आहे असा दावा नाही; पण या माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाची वस्तू, म्हणजे परवाना, तो शब्द नजरेआड होऊ देत नाही.

व्यवस्था थोडक्यात अशी. राजाने किंवा सरकारने खाजगी जहाजमालकाला लेखी परवाना द्यायचा. मालकाने स्वतःच्या खर्चाने जहाज, तोफा आणि खलाशी उभे करायचे. शत्रूची व्यापारी जहाजे पकडायची. पकड कायदेशीर असल्याचा निवाडा न्यायालयाकडून मिळवायचा. आणि जहाज व माल विकून आलेला पैसा वाटून घ्यायचा. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील आणि पुढे अमेरिकेतील सत्तांनी आरमारी युद्धाचा मोठा भाग या रीतीने लढवला. चाचा जे करी तेच परवानेदार करी. तोफ तीच, धाक तोच, रिकामे झालेले गोदामही तेच. दोघांमध्ये फरक होता तो एका कागदाचा. संहिता वाचणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्या आपल्यासारख्यांना या कागदाचे कुतूहल वाटायला हवे. कृती तशीच ठेवून कृतीचे नाव बदलणारी संहिता साहित्यातही विरळाच आढळते.

या कागदाचा उगम मात्र युद्धात नाही, न्यायाच्या एका अडचणीत आहे. मध्ययुगात परक्या राज्यात आपला माल लुटला गेला आणि तिथल्या राजाने दाद दिली नाही, तर व्यापाऱ्याने करायचे काय? आपल्या राजाने एका व्यापाऱ्यासाठी युद्ध पुकारावे हे शक्य नव्हते. मग राजा त्या व्यापाऱ्यालाच परवानगी देई: ज्या राज्याच्या प्रजेने तुला लुटले, त्या राज्याच्या कोणत्याही प्रजाजनाचा माल तू नुकसानभरपाई होईपर्यंत जप्त कर. १२९५ मधील एक उदाहरण प्रसिद्ध आहे. बायोन हे गाव तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होते. तिथल्या एका व्यापाऱ्याचे बदाम, मनुका आणि अंजिरे घेऊन निघालेले जहाज वादळामुळे पोर्तुगालच्या किनाऱ्याला लागले आणि लुटले गेले. त्याला पोर्तुगीजांचा माल जप्त करण्याचा परवाना मिळाला आणि पहिल्या एडवर्डने तो मान्य केला. यात एक तर्क आहे, आणि त्या तर्कात एक भयंकर गोष्ट लपलेली आहे. ज्याने लुटले त्याच्याकडून वसुली होणार नाही, ती त्याच्या देशबांधवाकडून होईल. परक्या प्रजेतील प्रत्येक माणूस परस्परांचा जामीन समजला गेला. ‘लेटर ऑफ मार्क’ या नावाने पुढे जो परवाना रूढ झाला, त्याच्या मुळाशी ही कल्पना आहे.

सोळाव्या शतकापर्यंत या न्यायाचा धंदा झाला. १५८५ मध्ये स्पेनने आपल्या बंदरांतील इंग्रज जहाजे अटकावून ठेवली, तेव्हा एलिझाबेथच्या सरकारने नुकसान झालेल्या व्यापाऱ्यांना परवाने देण्यास आरंभ केला. नुकसान सिद्ध करण्याची अट होती, पण ती हळूहळू नावापुरती उरली. ज्याचे काहीच बुडाले नव्हते तोही परवाना घेऊ लागला. सतराव्या आणि अठराव्या शतकांत या धंद्याची घडी पक्की बसली. मालक आणि भागीदार भांडवल घालत. परवाना घेताना गैरवर्तन न करण्याबद्दल जामीन द्यावा लागे. खलाशांना बहुधा पगार नसे, हिस्सा असे. पकड नाही तर पैसा नाही. पकडलेले जहाज मोजके खलाशी बसवून बंदरात आणायचे, त्यावरील सगळी कागदपत्रे जशीच्या तशी हजर करायची आणि प्राइझ कोर्ट नावाच्या न्यायालयापुढे सिद्ध करायचे की जहाज खरोखरच शत्रूचे होते. न्यायालयाने तसा निवाडा दिला की मगच लिलाव. तटस्थ देशाचे जहाज पकडले असेल तर ते सोडून द्यावे लागे, प्रसंगी भरपाईही द्यावी लागे.

म्हणजे समुद्रावरील ही लढाई बरीचशी कागदांची लढाई होती. पकडणाऱ्याकडे परवाना असे. पळणाऱ्याकडे दोन-तीन देशांचे निशाण आणि तितकेच परवाने असत, प्रसंग पाहून हवा तो काढायला. कप्तान शत्रूचे खोटे निशाण लावून जवळ जाई आणि समोरच्याला चुकीचा कागद दाखवायला लावी. कागदपत्रे समुद्रात फेकून देणे हा तर कबुलीजबाबच समजला जाई.

या कागदाचे वजन कसे आणि कुठे बदलत असे, ते काही माणसांच्या आयुष्यांतून पाहू.

फ्रान्सिस ड्रेक १५७७ मध्ये निघाला, जगप्रदक्षिणा करून १५८० मध्ये परतला आणि वाटेत दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याने स्पेनची चांदी लुटली. त्या वेळी इंग्लंड आणि स्पेन यांच्यात जाहीर युद्ध नव्हते. स्पेनच्या दृष्टीने तो निखळ चाचा होता. १५८१ मध्ये डेप्टफर्ड येथे त्याच्याच जहाजावर त्याला ‘सर’ ही पदवी दिली गेली. कागद नंतर आला, तोही किताबाच्या रूपाने. राजसत्तेला लूट आवडली की परवाना मागील तारखेपासूनही लागू होतो, हा पाठ पुढच्या पिढ्यांनी नीट गिरवला.

हेन्री मॉर्गनची गोष्ट भाषेच्या दृष्टीने अधिक मार्मिक आहे. जमैकाच्या गव्हर्नरचा परवाना घेऊन त्याने १६७१ च्या आरंभी पनामा शहर लुटले. पण १६७० मध्येच माद्रिद येथे इंग्लंड आणि स्पेन यांच्यात तह झाला होता. म्हणजे परवाना हातात, पण त्यामागचे वैर संपलेले. १६७२ मध्ये त्याला अटक करून लंडनला नेले गेले, आणि १६७४ मध्ये ‘सर’ करून जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परत पाठवले गेले. त्याच्या मोहिमांमध्ये शल्यवैद्य म्हणून काम केलेल्या एक्सकेमेलिनने १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला डच भाषेत एक पुस्तक छापले. १६८४ मध्ये त्याची इंग्रजी भाषांतरे आली आणि त्यांत मॉर्गनच्या क्रौर्याची वर्णने होती. मॉर्गनने प्रकाशकांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला. क्रौर्याच्या आरोपाइतकाच, आपण तरुणपणी करारबद्ध नोकर म्हणून वसाहतीत आलो हा उल्लेख त्याला झोंबला होता. ज्याने शहर जाळले गेलेले पाहिले, तो विशेषणासाठी न्यायालयात गेला. लुटीपेक्षा लुटीचे वर्णन अधिक धोक्याचे असते, हे त्याला पुरते कळले होते.

मॉर्गनचा कागद शिळा झाला तरी त्याचे निभावले. विल्यम किडचा कागद हरवला आणि तो फासावर गेला. त्याच्या प्रकरणाची पार्श्वभूमी आपल्या समुद्रात आहे. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाचाने मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. जहाजावरील यात्रेकरूंवर झालेल्या अत्याचारांची हकीकत खाफीखानाने लिहून ठेवली आहे. बादशहाने सुरतेच्या इंग्रजांना कैदेत टाकले आणि ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार धोक्यात आला. चाचांचा बंदोबस्त करणे इंग्लंडला भाग पडले. किडला दोन परवाने मिळाले: एक चाचांना पकडण्याचा, दुसरा फ्रेंच जहाजे पकडण्याचा. त्याच्या मोहिमेत पैसा घालणाऱ्यांत इंग्लंडच्या सरकारातील बडे लोक होते. १६९८ च्या जानेवारीत मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याने ‘केदा मर्चंट’ हे जहाज पकडले. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, त्यात मोगल दरबारातील एका मोठ्या सरदाराचा हिस्सा, कप्तान इंग्रज, आणि दाखवलेला परवाना फ्रेंच! किडच्या मते त्या फ्रेंच परवान्यामुळे ही पकड कायदेशीर होती. पण कंपनीला बादशहाची मर्जी राखायची होती आणि लंडनमधील राजकारणात त्याचे आश्रयदाते अडचणीत आले होते. खटल्याच्या वेळी ते फ्रेंच परवाने सापडले नाहीत. २३ मे १७०१ रोजी वॉपिंगच्या घाटावर त्याला फाशी दिले गेले. पहिला दोर तुटला म्हणून दुसऱ्यांदा. विसाव्या शतकाच्या आरंभी ते परवाने लंडनच्या सरकारी दफ्तरात मिळाले. किड निर्दोष होता असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्याच एका तोफखान्याच्या माणसाला बादलीच्या घावाने मारल्याबद्दलही त्याला दोषी ठरवले होते. पण ज्या कागदावर त्याचा सारा बचाव उभा होता, तो सरकारच्याच कपाटात पडून राहिला.

याच्या शेजारी रोबेर सुर्कूफ ठेवून पाहावा. सँ-मालो या फ्रेंच बंदराचा हा तरुण मॉरिशसहून, म्हणजे तेव्हाच्या ‘ईल द फ्रान्स’हून, परवाना न मिळताच निघाला आणि १७९६ च्या जानेवारीत त्याने बंगालच्या उपसागरात इंग्रजांचे ‘ट्रायटन’ हे मोठे जहाज पकडले. परतल्यावर गव्हर्नरने लूट जप्त केली, कारण कागद नव्हता. सुर्कूफ पॅरिसला गेला, सरकारकडे दाद मागितली आणि भरपाई मिळवली. पुढे १८०० मध्ये, या वेळी परवान्यासह, त्याने ‘केंट’ हे कंपनीचे जहाज घेतले आणि तो राष्ट्रीय वीर ठरला. एकाचा कागद हरवला आणि तो मेला. दुसऱ्याकडे कागद नव्हताच आणि तो गौरवला गेला. तेव्हा कागद निर्णायक होता असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. कागद वाचणारी सत्ता त्या क्षणी कोणाला घाबरते आणि कोणावर खूश आहे, यावर कागदाचा अर्थ ठरे.

या व्यवहारातून ग्रंथही निर्माण झाले, आणि ते साधेसुधे ग्रंथ नव्हेत. १६०३ च्या फेब्रुवारीत सिंगापूरजवळ डच कप्तान हेम्सकर्कने ‘सांता कातारिना’ हे मालाने भरलेले पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या लिलावातून तीस लाखांहून अधिक गिल्डर आले. हेम्सकर्कला असा हल्ला करण्याचा स्पष्ट अधिकार होता काय, हा वाद होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने १६०४ मध्ये पकड वैध ठरवली, पण लोकांचे आणि खुद्द कंपनीच्या काही भागीदारांचे मन वळवण्यासाठी डच कंपनीने एका तरुण वकिलाला लेखन सोपवले. त्याचे नाव ह्यूगो ग्रोशियस, वय विशीच्या जरा पुढे. त्याने लुटीच्या कायद्यावर मोठा लॅटिन ग्रंथ लिहिला. तो त्याच्या हयातीत पूर्ण छापला गेला नाही. हस्तलिखित १८६४ मध्ये उजेडात आले आणि १८६८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे एक प्रकरण मात्र १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने बाहेर पडले. समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही आणि पूर्वेकडील देशांना त्यांचे स्वतःचे राजे आहेत, तेव्हा पोर्तुगीजांची मक्तेदारी निराधार आहे, असे त्यात म्हटले होते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात हे पुस्तक आजही पायाभूत मानले जाते. एका लुटीचे वकीलपत्र घेऊन लिहिलेल्या मजकुरातून समुद्राच्या स्वातंत्र्याचे तत्त्व जन्माला आले. हेतू संकुचित असला तरी विचार मोठा निघू शकतो, आणि मोठ्या विचाराचा हेतू तपासणे तरीही सोडता येत नाही, या दोन्ही गोष्टी साहित्याच्या विद्यार्थ्याने येथून शिकाव्यात.

दुसरा ग्रंथ तर मराठी वाचकाच्या बालपणातला. वुड्स रॉजर्स १७०८ मध्ये ब्रिस्टलहून ‘ड्यूक’ आणि ‘डचेस’ या दोन परवानेदार जहाजांसह निघाला. १७०९ च्या फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेकडील हुआन फर्नांदेस बेटावर त्याला कातडी पांघरलेला एक माणूस सापडला. तो अलेक्झांडर सेलकर्क. तोही परवानेदार जहाजावरचाच खलाशी. १७०४ मध्ये कप्तानाशी भांडून बेटावर उतरलेला आणि चार वर्षांहून अधिक काळ एकटा राहिलेला. रॉजर्सने १७१२ मध्ये आपल्या प्रवासाचे पुस्तक छापले, सेलकर्कची हकीकत गाजली, आणि १७१९ मध्ये डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ आली. डिफोसमोर केवळ सेलकर्कच होता असे नाही, पण सेलकर्क नव्हता असे कोणी म्हणणार नाही. आधुनिक कादंबरीच्या प्रारंभीच्या खुणांमध्ये जिची गणना होते, त्या कथेमागे लुटीच्या परवान्याची अशी एक सावली आहे.

क्रूसो बुडालेल्या जहाजातून वाचतो, एवढे सर्वांना आठवते. ते जहाज कशासाठी निघाले होते, हे सहसा आठवत नाही. ब्राझीलच्या मळ्यांसाठी गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणायला ते निघाले होते. हा तपशील आम्हाला परवानेदारीच्या इतिहासातील अशा एका प्रसंगाकडे नेतो, जिथे आतापर्यंतची सगळी चर्चा अपुरी पडते.

१६१९ मध्ये ‘साँव जुआंव बाउतिस्ता’ हे पोर्तुगीज जहाज अंगोलातील लुआंडाहून सुमारे साडेतीनशे बंदिवान माणसे घेऊन मेक्सिकोतील व्हेराक्रूझकडे निघाले होते. मेक्सिकोच्या आखातात दोन इंग्रज जहाजांनी त्याला गाठले. ‘व्हाइट लायन’कडे डच परवाना होता. ‘ट्रेझरर’कडे सव्हॉयच्या ड्यूकचा परवाना होता, पण सव्हॉयचे स्पेनशी वैर मिटल्यामुळे तो निरर्थक झाला होता. दोघांनी मिळून पन्नास-साठ माणसे उचलली. ऑगस्टमध्ये ‘व्हाइट लायन’ व्हर्जिनियातील पॉइंट कम्फर्टला आले आणि अन्नसामग्रीच्या बदल्यात त्याने वीस-एक माणसे दिली. वसाहतीतील जॉन रॉल्फने लंडनला पाठवलेल्या पत्रात हा आकडा ‘वीस आणि वर काही’ अशा मोघम रीतीने येतो. वरचे किती, ते मोजावे असे त्याला वाटले नाही. इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतील वसाहतींतल्या आफ्रिकी गुलामगिरीचा इतिहास बहुधा याच प्रसंगापासून सांगितला जातो.

पुढे चर्चा झाली ती कोणाच्या परवान्याची? ‘ट्रेझरर’च्या. त्याची पकड बेकायदा होती काय, स्पेन रागावेल काय, त्या जहाजाच्या धन्यांना झळ पोहोचेल काय, हे प्रश्न लंडनपर्यंत गेले. एका जहाजाची लूट कायदेशीर, दुसऱ्याची संशयास्पद. पण दोन्ही जहाजांच्या तळघरांतील माणसांना हा फरक कसा कळावा, आणि कळून त्यांना काय मिळावे? परवाना लुटणारा आणि ज्याच्याकडून लुटले तो मालक, या दोघांमधला करार होता. लूट म्हणून जे हातांतून हातांत गेले, त्याला या करारात बोलण्याची जागाच नव्हती. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. चाचा आणि परवानेदार यांच्यातील भेद हा लुटणाऱ्यांच्या आपसातील शिष्टाचार होता. लुटल्या गेलेल्याच्या बाजूने पाहिले तर तो भेद उरत नाही.

आता कोकण किनाऱ्याकडे वळू. या प्रश्नाशी आपला संबंध दूरचा नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. तो न घेता जाणारे जहाज जप्तीस पात्र ठरे. मोगल बादशहाच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे. ज्या समुद्रात शतकानुशतके कोणी कोणाची परवानगी न मागता व्यापार करीत होते, तिथे परवानगी विकण्याचा हा व्यवसाय होता. पुढे कान्होजी आंग्रे यांनी आपल्या हद्दीत दस्तकाची पद्धत चालवली. दस्तक नसलेली जहाजे ते पकडत. इंग्रजांनी त्यांना ‘पायरेट’ म्हटले आणि बराच काळ इंग्रजी इतिहासांत तेच नाव राहिले. कान्होजी चाचे नव्हते, आणि नीट पाहिले तर या लेखात वर्णिलेल्या अर्थाने परवानेदारही नव्हते. ते मराठी राज्याचे सरखेल होते. बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने शाहूने त्यांचा अधिकार मान्य केला होता. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे किल्ले त्यांच्या हाती होते. ते राज्याच्या आरमाराचे प्रमुख होते. याउलट त्यांना चाचा म्हणणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी जहाजे अठराव्या शतकात अनेकदा स्वतःच ‘लेटर ऑफ मार्क’ बाळगून फिरत. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर फिप्स याने कान्होजींना उपदेशपर पत्र लिहिले, तेव्हा परक्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. नावे ठेवण्याच्या या खेळात त्यांना उत्तर देता येत होते.

त्या उत्तराचा खरेपणा ३२ वर्षांनंतर, कान्होजींच्या मृत्यूनंतर, अधिकच दिसून आला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतला. मोहीम ‘चाचांच्या बंदोबस्ता’ची होती. मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी मिळणाऱ्या लुटीची वाटणी ठरवून घेतली होती आणि मराठ्यांना तीत हिस्सा धरला नव्हता. किल्ल्यात सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज सापडला, तो त्यांनी आपसात वाटला. इंग्रजी कागदांत त्या पैशाचे नाव ‘प्राइझ मनी’ असे आहे. आंग्र्यांनी घेतले ती लूट. आंग्र्यांकडून घेतले ते बक्षीस.

हे वाचताना मराठी वाचकाला समाधान वाटणे स्वाभाविक आहे आणि ते अयोग्यही नाही. परंतु येथे आम्हाला एक अडचण जाणवते, ती नोंदवणे आवश्यक आहे. कान्होजींचा बचाव करताना आपले इतिहासलेखन कोणता पुरावा पुढे करते? सनद, सरखेलीचा अधिकार, शाहूची मान्यता. अर्थात कागद. इंग्रजांच्या आरोपाला उत्तर म्हणून हा पुरावा पुरेसा आहे. पण असे उत्तर देताना आपण त्यांचा मूळ नियमही नकळत मान्य करतो: ज्याच्यापाशी सही-शिक्का आहे त्याची जप्ती न्याय्य. मग दस्तक घ्यायला पैसे नसल्याने किंवा कोणाचे दस्तक घ्यावे हे न कळल्याने जहाज गमावलेला मलबारचा लहान व्यापारी, त्याच्या गलबतावरचा खलाशी, पोर्तुगीज कार्ताझ, इंग्रजांचा पास आणि आंग्र्यांचे दस्तक या तिन्हींच्या कात्रीत सापडलेला नाखवा, यांचे काय? त्यांच्या बाजूने लिहिलेला कागद आपल्या संग्रहांत दुर्मिळ आहे. सरखेलांचा मान राखूनही हा प्रश्न विचारता येतो, आणि विचारायला हवा.

परवानेदारीचा शेवट कसा झाला तेही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. क्रिमियाच्या युद्धानंतर १६ एप्रिल १८५६ रोजी पॅरिस येथे ब्रिटन, फ्रान्स, रशिया, ऑस्ट्रिया, प्रशिया, सार्डिनिया आणि तुर्कस्तान यांनी जाहीरनामा काढून ही पद्धत रद्द केली. यामागे केवळ नैतिक जागृती होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. ब्रिटनपाशी जगातील सर्वांत मोठे आरमार होते आणि सर्वांत मोठा सागरी व्यापारही. ज्याचे आरमार मोठे त्याला परवानेदारांची गरज नसते. ज्याचा व्यापार मोठा त्याला त्यांची भीती असते. अमेरिकेने सही केली नाही. १८१२ च्या युद्धात तिच्या सुमारे पाचशे परवानेदार जहाजांनी ब्रिटिश व्यापाराला जेरीस आणले होते आणि परवाने देण्याचा काँग्रेसचा अधिकार तिच्या संविधानात लिहिलेला होता. तिचे म्हणणे असे की समुद्रावरील सर्वच खाजगी मालमत्तेला, ती सरकारी आरमाराकडूनही, अभय द्या. मग आम्ही सही करू. ते मानले गेले नाही.

पाचच वर्षांत या नकाराची किंमत तिला कळली. १८६१ च्या एप्रिलमध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांच्या वतीने जेफरसन डेव्हिसने परवाने देऊ केले, तेव्हा लिंकनने जाहीर केले की अशा खलाशांना चाचे समजले जाईल. उत्तरेच्या लेखी दक्षिणेचे सरकार हे सरकारच नव्हते. मग त्याचा परवाना परवाना कसा? ‘सव्हाना’ जहाजाच्या खलाशांवर न्यूयॉर्कमध्ये खटला चालला. ज्यूरीचे एकमत झाले नाही. फिलाडेल्फियात मात्र विल्यम स्मिथ याला चाचेगिरीबद्दल दोषी ठरवले गेले. त्यावर दक्षिणेने कैदेतील उत्तरेच्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि कर्नल कॉर्कोरन याला स्मिथच्या बदली फाशीसाठी निवडले. अखेर १८६२ मध्ये उत्तरेने त्या खलाशांना युद्धकैदी मानले. दोघांचेही प्राण वाचले, ते कायद्याच्या सूक्ष्म अर्थाने नव्हे. समोरच्याच्या हातातही दोर होता म्हणून.

अमेरिकेच्या संविधानातील ते कलम आजही आहे. २००१ मध्ये न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरील हल्ल्यांनंतर या कलमाखाली खाजगी पथकांना परवाने द्यावेत असे विधेयकही काँग्रेसमध्ये मांडले गेले होते. ते संमत झाले नाही; पण सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती कल्पना अजून किती सहज हाताशी येते, हे त्यातून दिसते.

तेव्हा ‘प्रायव्हेटिअर’साठी मराठीत रुळलेला शब्द नाही याचे फार दुःख करावे काय, असा प्रश्न आम्हाला पडतो. कोशकाराला तो शब्द हवा, इतिहासाच्या अभ्यासकालाही हवा. परंतु त्या शब्दाअभावी मराठी बोलणारा माणूस सरळ ‘लूट’ म्हणतो, तेव्हा तो जहाजाच्या नाळेवरून पाहत नसतो. तो पाहतो ती बाजू तळघरातली, मालाच्या शेजारी बसवलेल्या माणसाची. परवान्यावर कोणाची सही आहे हे वाचता येणे हे आपले काम आहेच. त्या सहीने कोणाचे काय गेले, आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही, हे वाचायला शिकणे त्याहून कठीण आहे.